कुंपणावरची कावीळ

“काय गं सुनंदा, प्रकाशचे डोळे अजून पिवळेच? काल गॅलरीत उभा दिसला, मला वाटलं उन्हानं तसं दिसतंय.”

“ऊन कसलं काकू, कावीळच. जायचं नाव घेत नाही. ताप गेला, उलट्या थांबल्या, जेवतोही बरा. पण रंग उतरत नाही आणि अंगाला खाज अशी, की मध्यरात्री कंगव्यानं पाठ खाजवत बसतो.”

“अगं बाई! लिव्हर गेलं की काय?”

“हळू बोला, आत ऐकू जाईल! तो दिवसभर हेच विचारतो मला. मोबाईलवर वाचून वाचून सिरॉसिस शब्द पाठ झालाय. उजव्या बरगडीखाली जरा काही वाटलं की हात तिथं.”

“रक्त तपासलं ना परत?”

“तपासलं तर. एसजीपीटी चाळिसाच्या आत-बाहेर असतं म्हणे. याचं पहिल्यांदा 2200 आलं होतं. आता 90 वर उतरलंय. बिलिरुबिन मात्र 11 वर अडून बसलंय आणि ते हवं 1.2 च्या आत. डॉक्टर म्हणाले, सूज ओसरलीय, पण पित्त अजून मोकळं वाहत नाही, म्हणून रंग आणि म्हणून खाज. सोनोग्राफी करून नळीत खडा नाही ना, तेही बघितलं. हिपॅटायटिस ए मोठ्या माणसांत कधीकधी असं दोन-तीन महिने रेंगाळतं. एखाद्याला बरं वाटून पुन्हा उलटतंसुद्धा. पण ते कायमचं घर करत नाही. घर करतात ते बी आणि सी.”

“आमच्या वेळी नुसती कावीळ होती बाई, तिला बाराखडी नव्हती. 2012 साली माझी बहीण इचलकरंजीला होती. घरोघरी कावीळ! प्यायच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलं होतं. बहिणीनं पोटुशी सुनेला लगेच माहेरी धाडलं.”

“शहाणपणा केला. ती ई होती काकू. पाण्यातूनच येते, पण गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत जिवावर बेतते. म्हणून तर कुठली कावीळ ते रक्तातून बघायचं.”

“बघा बाई. पण सोबत आपलंही काही करावं की. नदीपलीकडे एकजण नाकात देवडांगरीचे थेंब घालतो. पिवळं पाणी धो धो वाहतं नाकातून. सगळी कावीळ बाहेर!”

“कावीळ नाकात असते का? ते झोंबतं इतकं, की नाकाची आतली त्वचा सोलवटून पाणी सुटतं. सासूबाईंनी माळही आणून घातली होती. रोज लांबते म्हणून घर खूश. मी नीट बघितलं, ओल्या काड्या सुकल्या की दोऱ्याच्या गाठी सैल पडतात. माळेनं निदान पोटात तरी काही जात नाही, म्हणून राहू दिली.”

“आणि उसाचा रस?”

“गाड्यावरचा? बर्फ कुठल्या पाण्याचा, ग्लास कुठल्या बादलीत बुचकळलेला? अहो, कावीळ आली त्याच वाटेनं तिचं औषध आणायचं?”

“बरं, हळद तरी बंद केलीस ना? तेल, तूप?”

“केलं होतं. पंधरवडाभर उकडलेला दुधी खाऊन माणूस निम्मा झाला. डॉक्टरच रागावले. हळदीच्या पिवळ्याचा आणि या पिवळ्याचा काही संबंध नाही म्हणाले. पोटाला सोसेल ते साधं जेवण द्या, थोडं थोडं द्या, पण उपाशी मारू नका. बंद काय? तर दारूचा थेंब, मनानं घेतलेल्या गोळ्या, अंगदुखीच्या तर नाहीच, पॅरासिटामॉलसुद्धा विचारल्याशिवाय नाही. आणि काढे. यकृत स्वतःच भरून येतंय, त्याच्या डोक्यावर आणखी कामाचा बोजा टाकू नका, एवढंच त्यांचं म्हणणं.”

“पण वाईट व्हायला लागलं तर आपल्याला कळायचं कसं? रंग वाढला की?”

“मीही तेच विचारलं. ते रंगावर जातच नाहीत. आयएनआर बघतात. रक्त गोठवणारी प्रथिनं यकृत बनवतं, त्याचा तो हिशेब. याचा 1.1 आहे, म्हणजे यकृत कामावर आहे. आपण घरी बघायचं ते वेगळंच: दिवसा गुंगीत पडून राहणं, बोलण्यात भ्रम, हिरड्यांतून रक्त, पोट फुगणं, उलट्या पुन्हा सुरू होणं. यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघायची नाही.”

“बोलण्यात भ्रम म्हणजे असंबद्ध ना? ते तर तो लग्नात उखाणा घेतल्यापासून बोलतोय.”

“काकू! हसवू नका, आधीच झोप नाही मला. तुम्हीही पाणी खळखळ उकळून प्या आणि हात साबणानं धुवा. रंग दिसायच्या आधीचे दोन आठवडे माणूस जास्त पसरवत असतो म्हणे, म्हणजे तुमच्याकडे गणपतीत मोदक वळायला बसला होता तेव्हा.”

“अरे देवा! पण मला काही व्हायचं नाही. मी कोरोनापासून रोज अनशापोटी गुळवेलीचा काढा घेते, पेलाभर.”

“रोज? अजून?”

“का गं? असं काय बघतेस?”

“2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी सहा रोगी छापले होते. सगळे गुळवेल घेणारे, सगळ्यांच्या यकृताला इजा. आयुषवाल्यांनी ते मानलं नाही, वाद झाला. पण आमचे डॉक्टर प्रत्येकाला पहिलं तेच विचारतात, काढा घेता का म्हणून.”

“...सुनंदा, उद्या त्याचं रक्त द्यायला कधी जाताय?”

“नऊला. का हो?”

“मीही येते. उपाशीपोटी लागतं का?”

“यकृताच्या तपासणीला गरज नाही म्हणाले.”

“मग साडेनऊला जाऊ. पोहे करून आणते, त्यालाही दे. हळद घातलेले.”