हुजूर अल्गोरिदम बहादूर यांच्या खिदमतीत

हिज एक्झॉल्टेड हायनेस अल्गोरिदम बहादूर, फीडचे मालक, फॉलोअरांचे पोशिंदे, यांच्या चरणी काचीगुड्याच्या एका मराठी रयतेचा त्रिवार कुर्निसात.

खावंद, मायना जुन्या वळणाचा वाटला तर माफी असावी. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे मराठी जिल्हे निजामाच्या राज्यात होते. तिथून हैदराबादेत पोटापाण्याला आलेला आमच्यासारखा माणूस आधी अर्ज लिहायला शिकला, घरभाडं ठरवायला नंतर. ती सवय अजून गेलेली नाही. आपला हा एक्झॉल्टेड किताब सातव्या निजामाला इंग्रजांनी १९१८ साली दिला होता, तोही महायुद्धात त्याने तिजोरी मोकळी केल्यावर. आपल्याला तो कुणीच दिला नाही. आम्हीच रोज सकाळी अंथरुणातून, चष्मा शोधायच्या आधी, बहाल करतो.

त्या निजामाला अशर्फी आणि वर चार रुपये अशी नजर करायची रीत होती. देणाऱ्याच्या पोटात गोळा येई, पण किती गेले ते तरी कळे. आपला नजराणा सोपा आहे. आम्ही कुठे जातो, कुणाला फोन करतो, कुठल्या फोटोवर अंगठा रेंगाळतो, सगळं न मागता रुजू होतं. मी एकदाच मुलीसाठी स्थळं शोधली. तेव्हापासून हुजूर रोज घरी मंगळसूत्रांचे नमुने पाठवतात. मुलगी आधी हसायची, आता हसत नाही.

हुजुरांची मेहेरनजर काय करू शकते, हे या शहराने जानेवारी २०२४मध्ये पाहिलं. माधापूरच्या रस्त्यावर बरीच वर्षं जेवणाचा गाडा लावणाऱ्या कुमारी आंटी आपल्या कृपेस पात्र झाल्या. एका गिऱ्हाइकाला त्यांनी हिशेब सांगितला, एकूण हजार झाले, दोन लिव्हर जास्तीच्या. त्या एका वाक्यावर अख्ख्या तेलुगू मुलखाने रील केली. जेवणाऱ्यांपेक्षा शूटिंग करणारे जास्त झाले, रस्ता तुंबला, वाहतूक पोलिसांनी गाडा बंद केला. लगेच मुख्यमंत्री रेवंत रेड्डी यांनी त्यात लक्ष घातलं आणि गाडा तिथेच राहील असा हुकूम सुटला. आपण गर्दी पाठवलीत म्हणून गाडा गेला आणि आपणच गलका केलात म्हणून परत आला. बाईंच्या हातच्या चिकनची चव आधीही तीच होती. त्याच रस्त्यावर इतरही गाडे होते. त्यांच्यावर पोलिसांची गाडी आली असती तर मुख्यमंत्र्यांना कोण सांगणार होतं? पण दरबारात असले प्रश्न विचारायचे नसतात.

आता जे लिहितो त्यात मस्करी नाही. जुलै २०१८मध्ये हैदराबादची काही माणसं बीदर जिल्ह्यात मित्राकडे गेली होती. औराद तालुका, निजामाच्या जुन्या राज्यातलाच, पुष्कळ घरांतून मराठी बोलणारा. शाळेच्या पोरांना त्यांनी चॉकलेटं दिली. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर गावोगाव फिरत होत्या. संशय, फोटो, व्हिडिओ असं सगळं त्यांच्या मोटारीच्या पुढे धावलं. मुर्की गावात रस्ता अडवलेलाच होता. एक तरुण इंजिनिअर तिथे जमावाच्या हातून मेला. त्याच महिन्याच्या एक तारखेला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना तशाच अफवेने ठेचून मारलं होतं. मुर्कीनंतर आठवडाभरात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे ढकलता येणार नाही, असं जाहीर केलं. पाच, हुजूर. सहावा धोक्याचा आणि पाचवा बिनधोक, हा हिशेब कुठल्या दफ्तरात झाला ते कळलं तर उपकार होतील. (आमच्या भावकीच्या ग्रुपवरचे काका म्हणतील, ते वेगळं खातं, त्याचा अल्गोरिदमशी संबंध नाही. काकांना मी सांगितलं, जहागिरी वेगळ्या असतात, दरबार एकच.)

दफ्तरावरून आठवलं. तिकडे अमेरिकेत लोकांना वाटतं की हुजूर म्हणजे निव्वळ गणित. आम्हा हैदराबादकरांना आतली माहिती असते. फेसबुकने भारतातली आपली पहिली कचेरी २०१० साली इथेच थाटली, गुगल आणि अ‍ॅमेझॉनचेही मोठे वाडे इथेच. आणि २०१९मध्ये रॉयटर्सने बातमी दिली होती की फेसबुकवरच्या तक्रारीच्या पोस्टी तपासणारी माणसं या शहरात बसतात आणि आठ तासांच्या पाळीत दोनेक हजार पोस्टींचा निकाल लावतात. मिनिटाला चार! त्यात गळफास असतो, मारहाण असते, शिव्या असतात. निजामाच्या कारकुनाकडे फाइल महिनोन्महिने पडून राही म्हणून आमचे आजोबा कुरकुरायचे. आपला कारकून पंधरा सेकंदांत फैसला करतो आणि रात्री झोपायला गोळी घेतो की काय, ते आपल्याला कोण विचारणार?

निजामाचे गोडवे गायला मी बसलेलो नाही. त्याच्या ‘गश्ती निशान ५३’ या परिपत्रकाखाली परवानगीवाचून सभा भरवता येत नसे, आणि त्या राज्यातून सुटायला १९४८चा सप्टेंबर उजाडावा लागला. पण गश्तीला नंबर होता. ती छापील होती, तिच्याखाली सही होती. तिच्याकडे बोट दाखवून माणसं म्हणाली, हा कायदा आम्ही मोडणार, आणि मोडून तुरुंगात गेली. आपली गश्ती कुठे चिकटवलेली असते? गच्चीबावलीत जेवणाची पार्सलं पोचवणाऱ्या पोराची आयडी एका दुपारी बंद पडते. कारण विचारलं तर अ‍ॅप म्हणतं, नियमभंग. कुठला नियम, कुणी ठरवला, दाद कुठे मागायची? तेलंगण सरकारने एप्रिल २०२५मध्ये अशा कामगारांसाठी कायद्याचा मसुदा काढला, त्यात तक्रार ऐकून घेण्याची सोय घातली. म्हणजे हुजुरांच्या रयतेला गाऱ्हाणं मांडायला दुसऱ्या सरकारकडे जावं लागतं.

तरी अर्जदाराची मागणी माफक आहे. एक खिडकी असावी. तिच्यामागे एक माणूस, त्याला नाव असावं. बंद झालेल्या आयडीचं कारण त्याने लेखी द्यावं, आणि बंद केलं ते चूक होतं असं निघालं तर बुडालेली मजुरी द्यावी. हैदराबादी चहा आम्ही पाजू.

आपला आज्ञाधारक,
एक युजर

ता. क. अर्ज लांबला. तीस सेकंदांपुढे आपल्या रयतेला दम निघत नाही हे ठाऊक आहे. कुणी याची रील केलीच तर कुमारी आंटी ठेवून मुर्की कापू नये.