बघू जरा, इकडे उजेडात ये

माईंकडे गेलं की चपला काढायच्या आधी हनुवटी द्यावी लागते. ‘ये’, ‘बस’, ‘चहा टाकू का’ हे सगळं नंतर. आधी त्या तुमची हनुवटी अंगठा आणि तर्जनीत धरतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि तुम्हाला तसंच गॅलरीच्या दारापर्यंत नेतात. ‘बघू जरा, इकडे उजेडात ये.’ तोंड डावीकडे, तोंड उजवीकडे. मग एक लांबलचक ‘हंऽऽ’. आणि निकाल : ‘उष्णता.’

डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीला चार मजले आहेत आणि चारही मजल्यांवरचे चेहरे माईंच्या अखत्यारीत येतात. कुणाच्या गालावर लाली दिसली की ती त्यांना स्वतःच्या घरात पाणी गळत असल्याइतकी अस्वस्थ करते. त्यांच्या मते उष्णता माणसात शिरते ती पपईतून, जागरणातून, दुपारच्या लोकलमधून आणि अलीकडे मोबाइलमधून. बाहेर पडायला मात्र तिला चेहऱ्याशिवाय दुसरी वाट नाही. मी एकदा समजावून पाहिलं. म्हटलं, माई, गालाच्या कातडीत बारीक रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं, तेही अगदी वर. ऊन, ताप, राग, लाज, कशानेही त्या फुगतात. प्रत्येक वेळी कारण निराळं. माईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘म्हणजे उष्णताच की रे.’

उपाय ठरलेले. सब्जा भिजवून, धने-जिऱ्याचं पाणी, गुलकंद, सहाणेवर उगाळलेलं चंदन. अंगावर पित्त उठलं तर आमसुलाचं पाणी. फारच लाल असेल तर एकीकडे हे सगळं चालू ठेवून दृष्टही काढायची. मिरच्यांचा ठसका नाही लागला तर निदान पक्कं. पण त्यांचं खरं अस्त्र म्हणजे शतधौत घृत. नावावरून राजवैद्याच्या कुपीतलं काही असेल असं वाटतं. प्रत्यक्षात लागतं ते गाईचं तूप, तांब्याची परात आणि भरपूर सवड. तूप परातीत घ्यायचं, गार पाणी घालायचं, तळहाताने फेटायचं, पाणी ओतून टाकायचं, पुन्हा नवं पाणी. असं शंभर वेळा. पहिल्या वीस पाण्यांत तूप पिवळट, रवाळ आणि हट्टी असतं, बोटांच्या बेचक्यांत जाऊन बसतं. पुढे ते पांढरं पडू लागतं, फुलतं, आणि शेवटी शेवटी बोटाला गार लागणारं, तुपाचा वास जवळपास विसरलेलं असं काहीतरी परातीत उरतं. अडचण एकच. साठीच्या पुढे गेलं की हटकून गॅसवाला बेल वाजवतो. परत येईपर्यंत त्रेसष्ट झाले की त्र्याहत्तर, हे माईंना आठवत नाही. मग त्या प्रामाणिकपणे एकसष्टपासून सुरू करतात. त्यामुळे आमच्या इमारतीत मिळणारं घृत सव्वाशे-धौत तरी असावं. उन्हाने पोळलेल्या गालाला ते बरं वाटतं, एवढं मात्र कबूल केलं पाहिजे.

निदान एकच आणि रोगी नाना तऱ्हेचे, म्हटल्यावर आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी हे होणारच. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीसमोर कुणी एका विशिष्ट मुलाचा विषय काढला आणि तिचे कान-गाल पेटले, तर माई सहाण घ्यायला उठल्या. चारचौघांत लाल झालेलं माणूस लाल झाल्याच्या लाजेने आणखी लाल होतं. त्या पोरीचं तर चंदनाच्या लेपाखालीसुद्धा थांबेना. साखरपुड्याला माईंना पहिलं आमंत्रण होतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या छोट्याचे दोन्ही गाल एका सकाळी असे लाल झाले की पाची बोटं उमटली असावीत. या वेळी मात्र माईंनी उष्णता म्हटलं नाही. त्या सरळ त्याच्या आईकडे वळल्या. ‘पोराला मारलंस?’ ती बिचारी रडायच्या बेतात. बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं, हा पार्व्होव्हायरस बी-१९. यात मुलाला थोबाडीत मारल्यासारखेच गाल होतात, मग हातांवर जाळीदार पुरळ येतं आणि आपोआप जातं. गाल लाल होईपर्यंत संसर्गाचे दिवस बहुधा सरलेले असतात. संध्याकाळी माई वाटीभर शिरा घेऊन वर गेल्या. माफी वगैरे मागितली नाही. ‘विलायची जरा जास्त पडल्ये’ एवढंच म्हणाल्या. ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

त्यांचा खरा विजय म्हणजे तळमजल्यावरचे आप्पा. आप्पा माळकरी. कांदा-लसूण नाही, आषाढीची वारी चुकत नाही. पण नाक आणि गाल बारमाही लाल, वर बारीक पुटकुळ्या. त्यामुळे इमारतीत एक कुजबुज होती की आप्पा रात्री दार लावून ‘घेतात’. तोंडावर कुणी बोलायचं नाही, पण गणपतीची वर्गणी त्यांच्या हाती द्यायची वेळ आली की दोघंतिघं उगीच खोकायचे. आप्पांची बाजू घेणाऱ्या एकट्या माई. ‘एकादशीला पाणीसुद्धा जपून पिणारा माणूस तो, आणि म्हणे घेतो!’

शेवटी मुलाने त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. माई अर्थातच सोबत. निदान झालं रोझेशिया. नाका-गालावरच्या रक्तवाहिन्या जरा कशाने फुगल्या की लवकर मिटत नाहीत. हळूहळू लाली मुक्कामालाच येते. बहुतेकांना तिशीनंतर सुरू होतं. गोऱ्या कातडीवर ते लांबून दिसतं. आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगात लपतं, आणि माणूस वर्षानुवर्षं मुरूम म्हणून किंवा ऊन लागलं म्हणून सोडून देतो. म्हणून डॉक्टर नुसतं बघत नाहीत, विचारतात, ‘जळजळतं का? टोचल्यासारखं होतं का?’ दारूने हे भडकू शकतं, पण थेंबही न घेणाऱ्यालाही होतं. हे शेवटचं वाक्य माईंनी डॉक्टरांकडून दोनदा वदवून घेतलं आणि दिवेलागणीच्या आत चारही मजल्यांवर पोचवलं. फक्त नावात थोडा घोटाळा झाला. ‘आप्पा पीत नाहीत. त्यांना रशिया झालाय.’

आणि मग पथ्य. डॉक्टर बोटं मोजत सांगत होते : ऊन टाळा, वाफाळता चहा नको, झणझणीत नको, गॅससमोर फार वेळ नको, डोक्याला ताप नको. प्रत्येक बोटागणिक माई खुर्चीत ताठ होत गेल्या. ‘मग मी काय वेगळं सांगत होते?’ मेट्रोनिडाझोलचं जेल आणि काही आठवडे डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या यांनी आप्पांचं नाक निवळलं; श्रेय सब्जाला गेलं. आप्पा आता चहा बशीत ओतून, पार कोमट करून पितात आणि वारीत छत्री मिटत नाहीत.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात घिरलांदायो या चित्रकाराचं १४९० च्या सुमाराचं एक चित्र आहे. लाल झग्यातला म्हातारा, नाक गाठीगाठींनी सुजलेलं, आणि त्याच्याकडे टक लावून पाहणारा गोडसा नातू. असं नाक रोझेशिया फार वाढल्यावरही होतं. मी ते माईंना मोबाइलवर दाखवलं. त्यांनी दोन बोटांनी नाक मोठं करून नीट पाहिलं. ‘गुलकंद नसेल दिला कुणी,’ म्हणाल्या. मग नातवावर बोट ठेवून, ‘पण बघ, पोर नाकाकडे बघतंय का?’

या उष्णतेचं मूळ मला उशिरा कळलं. पंचेचाळिशी उलटल्यावर माईंचाच चेहरा ऐन पोळ्या लाटताना पेटायचा, मानेवर घामाच्या धारा. पाळी जाताना शरीरातला ताप राखणारा काटा बिघडतो, त्याच्या या लाटा; आज कुठलीही स्त्रीरोगतज्ज्ञ सांगेल आणि औषधही देईल. तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, ‘उष्णता असेल.’ माई मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारायच्या आणि पुन्हा पोळपाटाशी.

पण एका बाबतीत माई खरोखर धोकादायक होत्या. फ्रिजच्या दारात, लिंबांशेजारी, ‘ती ट्यूब’ असायची. शेपटापासून गुंडाळत आणलेली, नाव पुसलेलं. ‘चार दिवस लाव, चेहरा कसा निवळतो बघ.’ निवळायचाही. कारण आत होतं स्टिरॉइड. ते डॉक्टरांनी मोजून दिलं तर औषध. महिनोन् महिने चेहऱ्याला चोपडलं तर कातडी पातळ होते, तांबड्या शिरा दिसू लागतात, मुरूम येतात, आणि थांबवलं की आधीपेक्षा जास्त भडका. मग माणूस घाबरून पुन्हा तेच लावतो. माईंच्या धाकट्या भाचीचं नेमकं हेच झालं. डॉक्टरांनी ट्यूब आधी बंद करवली, साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन दिलं आणि बजावलं, काही महिने धीर धरा. भाची आरशात बघून रडायची आणि माई तिच्या शेजारी बसून राहायच्या. सब्जा नाही, चंदन नाही. माई इतका वेळ गप्प बसलेल्या आम्ही कधी पाहिल्या नव्हत्या.

त्यानंतर त्यांनी मोहीम काढली. भिंग घेऊन दारोदार. ‘तुमच्या फ्रिजमधल्या ट्यूबा आणा बाहेर.’ २०१८ मध्ये सरकारने अशी १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, हे भाचीच्या डॉक्टरांकडून कळल्यापासून कोपऱ्यावरच्या केमिस्टच्या दुकानात माई शिरल्या की काउंटरवरचा पोऱ्या गिऱ्हाइकाला मोठ्याने विचारतो, ‘चिठ्ठी आहे का?’

फ्रिजच्या दारात त्या जागी आता सनस्क्रीन आहे. ते कातडीला उन्हापासून वाचवतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं; माई ‘उष्णतेवरचं’ म्हणून देतात. डॉक्टर म्हणाले दोन बोटं भरून, म्हणजे दोन बोटं भरूनच, आणि स्वतःच्या हाताने. मीटरचं रीडिंग घ्यायला येणारा मुलगा हल्ली आमची इमारत सगळ्यात शेवटी ठेवतो. तसं पांढराफटक तोंड घेऊन पुढच्या सोसायट्यांत फिरायची त्याला लाज वाटते.