मंजुरीची घाई नडली

श्रीमती केमी बेडनॉक यांस,



युरोपीय मानवी हक्क करारातून ब्रिटनला बाहेर काढण्याचे वचन आपल्या हुजूर पक्षाने ऑक्टोबर 2025 मध्ये दिले. ते वाचून इथे पुण्यात आपली काळजी वाटली. 1951 मध्ये या कराराला सर्वांत आधी मंजुरी देण्याची घाई आपल्या देशाने केली, तिथेच फसलात. आमचे पाहा. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर भारताने 14 ऑक्टोबर 1997 रोजी सही केली. मंजुरी मात्र आजतागायत दिलेली नाही. सहीमुळे सभ्य देशांच्या पंगतीत पान मिळते आणि मंजुरी नसल्याने हिशेब द्यावा लागत नाही. 2010 मध्ये लोकसभेने छळ प्रतिबंधक विधेयक संमत केले, राज्यसभेने ते प्रवर समितीकडे धाडले आणि 2014 मध्ये लोकसभेबरोबर तेही गेले. 2017 मध्ये विधी आयोगाने 273व्या अहवालात नवा मसुदा दिला, तरी कायदा झालेला नाही. सरकारे बदलली, धोरण अढळ राहिले.

शंकेखोरांना आमच्याकडे उत्तरे तयार असतात. कायदे आहेतच, हे पहिले. आहेत खरे, कबुलीसाठी मारहाण केल्यास सात वर्षांपर्यंत कैद आहे. पण त्या कलमाला शारीरिक इजा लागते. आरोपीला रात्र रात्र झोपू न देणे, बायकोमुलांना उचलून आणण्याची धमकी देणे, हे त्यात सहसा बसत नाही. करारात मानसिक छळही येतो. दुसरे उत्तर सार्वभौमत्वाचे, आणि ते वजनदार आहे. करारावर देखरेख करणाऱ्या परक्या समितीने आमच्या कोठड्या का तपासाव्यात? पण समितीचा चौकशीचा अधिकार मान्य नाही, असे मंजुरी देतानाच कळवण्याची सोय या करारात आहे.

शिवाय तपासणी व्हायची ती होतेच. विजय मल्ल्यांच्या प्रत्यार्पणासाठी लंडनच्या न्यायाधीशांनी आर्थर रोड तुरुंगातल्या 12 क्रमांकाच्या बराकीचा व्हिडिओ मागितला आणि आम्ही तो दिला. नीरव मोदींसाठी त्याच बराकीची लेखी हमी दिली. छळाच्या भीतीपोटी डेन्मार्कच्या न्यायालयाने पुरुलिया शस्त्रकांडातला किम डेव्ही 2011 मध्ये आमच्या हवाली केला नाही. म्हणजे हजारो कोटींच्या फरारी आरोपीला सरकार लेखी शब्द देते. पाकीटमारीच्या संशयावरून चौकीत बसवलेल्या पोराला तो कोण देणार? लंडनच्या न्यायाधीशांना हा शब्द मागायला लावते ते आपल्याच युरोपीय करारातले छळाला मनाई करणारे तिसरे कलम. तेव्हा आमची मंजुरी होईपर्यंत तरी आपण आत राहावे, ही विनंती. घाई आमच्याकडे कुणालाच नाही.



आपला,
एक पुणेकर