वळणावरची टकटक

पुढचा ड्राइव्ह शाफ्ट शेवटच्या घटका मोजायला लागला, की ते मालकाच्या आधी सोसायटीला कळतं. गाडी गेटातून आत वळते, स्टिअरिंग पूर्ण फिरतं आणि चाकापासून टक-टक-टक सुरू होतं. सरळ रस्त्यावर मात्र तीच गाडी अगदी साळसूद. मालक रेडिओ बंद करतो, काच खाली करतो, बायकोला गप्प बसवतो. तेव्हा नेमका आवाज नाही. ‘टायरमध्ये खडा अडकला असेल’ असं ठरवून तो मोकळा होतो.

मग पार्किंगमध्ये तज्ज्ञ समिती बसते. एक काका बेअरिंगवर ठाम, दुसरे ब्रेक पॅडवर. तिसऱ्यांचं म्हणणं, आमच्या अ‍ॅम्बॅसेडरला असलं काही कधी झालं नाही! यात तिसरे काका शंभर टक्के खरे आहेत. अ‍ॅम्बॅसेडर काय किंवा प्रीमियर पद्मिनी काय, त्यांना मागची चाकं ढकलायची. पुढच्यांनी नुसतं वळायचं. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि ओढणं नि वळणं ही दोन्ही कामं पुढच्या चाकांच्या गळ्यात पडली. सरकारी खात्यात याला अतिरिक्त कार्यभार म्हणतात.

चाक फिरवणारा शाफ्ट वळणाबरोबर वाकायचा, तर त्याला सांधा हवा; आणि साध्या युनिव्हर्सल जॉइंटला हा भार झेपत नाही. तो कोनात फिरला की प्रत्येक फेरीत वेग दोनदा वाढतो, दोनदा कमी होतो आणि स्टिअरिंग हातात थरथरतं. फोर्डमधले इंजिनिअर आल्फ्रेड झेप्पा यांनी १९२०च्या दशकात यावर तोड काढली. खाचांतून सरकणाऱ्या सहा पोलादी गोट्या आणि त्यांना दोन्ही शाफ्टच्या बरोबर मधल्या कोनात धरून ठेवणारा पिंजरा. चाक कितीही वळो, फिरण्याचा वेग एकसारखा. हाच तो सीव्ही, म्हणजे कॉन्स्टंट व्हेलॉसिटी जॉइंट. आणि एवढ्या बुद्धीच्या ऐवजाला राखण कोणाची, तर घड्याघड्यांच्या एका रबरी बुटाची! बूट फाटतो, ग्रीस रिमवर उडतं, धूळ आत शिरते, गोट्या आणि खाचा झिजतात. मग टकटक.

गॅरेजमधले उस्ताद स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी एकदा गोल फिरवतात आणि म्हणतात, “गेला.” कोण गेला, हे विचारायची सोय नसते.

हबचा मोठा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचा असतो, नाहीतर नटाबरोबर चाकही फिरतं. पान्यात लांब पाइप घालून त्यावर गॅरेजचा पोऱ्या उभा राहतो. नट हलत नाही. पोऱ्या उड्या मारतो. एकदाचा नट सुटला, की चाक निघतं, लोअर आर्मचा बॉल जॉइंट छापता न येणाऱ्या शब्दांच्या मदतीने सुटतो आणि टॉमी घालून शाफ्टचं दुसरं टोक गिअरबॉक्समधून उचकटतात. त्याच क्षणी गिअर ऑइलची धार लागते. आणि ट्रे शेजारच्या गाडीखाली राहिलाय, हे सगळ्यांना एकदम आठवतं.

एव्हाना मालकाला नवा शाफ्ट आणायला पुण्याच्या नाना पेठेत पिटाळलेलं असतं.

“डावा की उजवा?” दुकानदार विचारतो.

“टकटक करणारा.”

हे उत्तर चालत नाही, कारण बहुतेक गाड्यांत एक शाफ्ट आखूड आणि एक लांब असतो. त्यातून उजवीकडे वळताना आवाज आला, तर गेलेला असतो बहुधा डावा. काही गाड्यांत शाफ्टवर एबीएसची दातेरी रिंगही लागते; ती नसेल तर टकटक थांबते आणि डॅशबोर्डवरचा दिवा लागतो.

नवा शाफ्ट बसल्यावर उस्ताद नट आवळतात ते ‘हाताला कळतं’ या मापाने. इथे मात्र भिडस्तपणा करू नये. बऱ्याच गाड्यांत चाकाच्या बेअरिंगवरचा दाब हाच नट राखतो. तेव्हा नट नवा हवा आणि तो टॉर्क रेंचने कंपनीच्या मापाइतकाच आवळायला हवा. सांडलेलं गिअर ऑइलही आठवणीने भरून घ्यावं.

पुढच्या वेळी टायरच्या दुकानात गाडी जॅकवर चढली, की जरा वाकून चाकामागचा तो रबरी बूट बघा. ग्रीसचे शिंतोडे दिसले, पण आवाज अजून सुरू झाला नसेल, तर बहुतेक वेळा नुसता बूट आणि ग्रीस बदलून भागतं.