गोपनीय फाईव्ह-नाईन

मा. स्पर्धा व्यवस्थापक साहेब,


परवा आपल्या हौशी रेडिओ स्पर्धेचा निकाल लागला. आमचे पानभर संपर्क ‘नॉट इन लॉग’ असा शेरा मारून आपण उडवलेत. म्हणजे समोरच्याच्या लॉगमध्ये, संपर्कांच्या नोंदवहीत, आम्ही नाहीच. मग तो लॉग दाखवा म्हटलं, तर आपलं उत्तर एका ओळीचं: “लॉग गोपनीय आहेत.” ऊर भरून आला.

सात मेगाहर्ट्झवर घसा फाडून जे ओरडलो, ते रिसीव्हर असलेल्या कुणालाही ऐकता येत होतं. हौशी रेडिओवर सांकेतिक भाषेत अर्थ लपवून बोलायला नियमांनीच मनाई आहे. बोलायचं उघड, आणि तेच फाईलमध्ये उतरलं की गुपित! आम्ही दिघीकर, पूर्वीच्या विदेश संचार निगमच्या रानाचे शेजारी; खरी बिनतारी गुपितं काय असतात ते आम्हाला ठाऊक. १९२७ साली खडकीहून विलायतेला बिनतारी संदेश जाऊ लागले, तिकडचे दौंडला उतरू लागले. त्यांत सरकारची, व्यापाऱ्यांची गुपितं असत. तुमच्या फाईलमध्ये काय आहे? वेळ, फ्रिक्वेन्सी, कॉलसाईन आणि सिग्नलचा ठरलेला शेरा, फाईव्ह-नाईन.

भोसरी एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी, तुमची स्पर्धा शनिवार-रविवारी. म्हणजे कारखाने चालू आणि मीटरवर एस-सेव्हनचा खरखराट. त्याखालून एखादा व्हीयू-थ्री कॉलसाईनवाला उकरून काढायचा, “ब्राव्हो नाही, डेल्टा, डेल्टा!” म्हणून बोंबलायचं, त्याचा “रॉजर” कानात प्राण आणून ऐकायचा, आणि तुमच्या दप्तरी आमचा जन्मच झालेला नाही. त्याने ब्राव्होच लिहिलं? यूटीसीऐवजी भिंतीवरच्या घड्याळाची वेळ टाकली, साडेपाच तास पुढची? की तुमच्या एक्सेलमध्ये ओळ सरकली? कळणार कसं?

‘सीक्यू वर्ल्डवाईड’ स्पर्धावाल्यांना मात्र अक्कल नाही. २००५ पासूनचे लॉग उघड्यावर मांडून बसलेत. कुणीही उठावं आणि पहिल्या आलेल्याचा लॉग मिनिटामिनिटाने तपासावा. वर कुठला संपर्क का कापला, याचा अहवालही स्पर्धकाला देतात. काय हा निर्लज्जपणा!

डावपेच फुटतील म्हणाल? दुपारी वीस मीटर आणि अंधार पडला की चाळीस, हा डावपेच आयनोस्फिअरने कधीच फोडलाय. घरचे पत्ते दिसतील? फाईलच्या वरच्या चार ओळी खोडा.

उपरोध पुरे. जो निकाल तपासताच येत नाही, तो निकाल कसला? ती तुमची मर्जी झाली! आणि पहिला आलेला गडी कदाचित रात्रभर जागून, कष्टानेच पहिला आला असेल. लॉग झाकून तुम्ही त्यालाही संशयात उभं केलंत.

तुमचे हाल दिसत नाहीत असं नाही. मानधन नाही, मदतनीस नाही. कुणी वहीच्या पानाचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवतो, कुणी मुदत उलटल्यावर. ऑफिस करून रात्री ओळ न् ओळ जुळवत तुम्ही एकटे बसता, आणि लॉग खुले केले की पहिली शिवी तुम्हालाच पडणार. पडेल, खरंच पडेल. पण जुळवणी करायला चार माणसंही मिळतील, फुकट.

ते जमेपर्यंत निदान त्या व्हीयू-थ्रीचा लॉग पाठवा. त्याला फोन करून विचारलं, त्याची काही हरकत नाही. त्यानेच पाठवला असता, पण मध्यंतरी त्याचा लॅपटॉप फॉरमॅट झाला. आता प्रत फक्त तुमच्याकडे आहे.

सेव्हन्टी-थ्री.

आपला,
एक स्पर्धक, दिघी