जाहिरातींचा राखणदार

विश्रांतवाडीच्या चौकात सिग्नलला थांबलं, की दादा-भाऊंच्या वाढदिवसाचे फ्लेक्स चुकवता येत नाहीत. निदान मोबाइलवर तरी शांतता हवी, म्हणून पुणेकर ॲड-ब्लॉकर टाकतो. अर्थात, फुकटातला.

‘ॲडब्लॉक फोकस’ हे त्यातलंच एक. मार्च २०२० मध्ये बझफीड न्यूजने उघड केलं, की ते ‘सेन्सर टॉवर’चं होतं, म्हणजे ॲप-बाजाराची आकडेवारी विकणाऱ्या कंपनीचं! तिच्या अशा ॲप्स आणि व्हीपीएनचे डाउनलोड साडेतीन कोटींहून जास्त. ही ॲप्स रूट सर्टिफिकेट बसवायला सांगत. त्यामुळे फोनमधून ये-जा करणारा मजकूर, कुलूपबंद असला तरी, वाटेत उघडून बघण्याची सोय होते. संवेदनशील माहिती घेत नाही, असं कंपनीचं म्हणणं. किल्ल्यांचा जुडगा मात्र हवा होता.

फ्लेक्सवरचे दादा निदान नुसते हात जोडून उभे असतात.