शवासनाची वजावट

आमच्या सोसायटीत कुणाच्या घामाला काय भाव द्यायचा, हे अण्णा ठरवतात. अण्णा म्हणजे आमचे खजिनदार. बँकेतून निवृत्त झाले, काउंटर सुटला, पण मधली काच काही सुटली नाही. समोरचा माणूस आजही त्यांना त्या गोल भोकातूनच दिसतो. रंगारी, टँकरवाला, टाकी धुणारा, सगळ्यांचे दर त्यांच्या डायरीत असतात. चौरस फूट आणि लिटर यांच्या राज्यात अण्णांना तोड नाही. पंचाईत झाली ती क्लबहाऊसमध्ये व्यायामाचे वर्ग सुरू झाले तेव्हा. घाम कशात मोजायचा?

पहिले आले योगाचे सर. परीक्षा, प्रमाणपत्र सगळं रीतसर. तासाचे ७०० रुपये म्हणाले. अण्णा एक अख्खा वर्ग हातातल्या घड्याळाकडे बघत खुर्चीत बसले आणि शेवटी म्हणाले, "सर, शेवटची दहा मिनिटं शवासन. त्यात लोक पडून, तुम्ही गप्प. ती वजा करू."

"शवासन हे करायला सगळ्यात अवघड आसन आहे," सर म्हणाले.

"असेल. आमच्या इमारतीत ते रोज दुपारी दोन ते चार फुकट चालतं."

७०० चे ५८३ रुपये ३३ पैसे झाले. वरचे ३३ पैसे सरांनीच सोडले, आणि दोन महिन्यांनी सोसायटीही. अण्णांना फार वाईट वाटलं नाही. त्यांचा खरा विश्वास २१ जूनवर. संयुक्त राष्ट्रांनी २०१४ साली ठराव केला आणि २०१५ पासून जगभर योग दिन सुरू झाला. त्या दिवशी कुणी ना कुणी शिक्षक हौसेने, एक पैसा न घेता येतो. योग दिनात अण्णांना एकच खोट दिसते, ती म्हणजे तो वर्षातून एकदाच येतो.

मग झुंबाच्या मॅडम आल्या. वयाने अण्णांच्या धाकट्या लेकीएवढ्या. आठवड्यातून तीन दिवस, वर्गाचे ८०० रुपये. अण्णांनी फोड मागितली. मॅडमनी दिली. धायरीहून कर्वेनगरला स्कूटरचं पेट्रोल. सव्वाआठला बाणेरला दुसरा वर्ग, तो गाठायची धावपळ. नवी गाणी, नव्या स्टेप्स बसवायला घरी जाणारे तास. वर झुंबाच्या परवान्याची दरमहा वर्गणी.

"नाचायला परवाना?" अण्णांची लेखणी थांबली.

मॅडमनी सांगितलं की कोलंबियातल्या काली शहरात बेटो पेरेझ नावाचा एरोबिक्स शिक्षक नव्वदच्या दशकात एकदा वर्गाच्या गाण्यांची कॅसेट आणायला विसरला. जवळ साल्सा आणि मेरेंगेच्या कॅसेट होत्या, त्याच लावून त्याने वेळ मारून नेली. त्यातून झुंबा निघालं.

"म्हणजे तो कॅसेट विसरला," अण्णा सावकाश म्हणाले, "आणि भुर्दंड कर्वेनगरने भरायचा?"

शेवटी अण्णांनी आपला हुकमी पत्ता काढला. माणशी ६० रुपये. जितकी डोकी, तितके पैसे. तेव्हा एप्रिलचा उकाडा होता आणि वर्गाला नऊ डोकी. म्हणजे ५४० रुपये. अण्णांनी त्या दिवशी घरी आमरसाची फर्माईश केली म्हणे.

जूनमध्ये पाऊस लागला. टेकडीवर जाणारे, गच्चीत फेऱ्या मारणारे, सगळे कोरडी जागा शोधत क्लबहाऊसमध्ये शिरले. जुलैत ३१ डोकी. ३१ गुणिले ६०, १८६०. अण्णा हजेरीवही घेऊन दारातच बसायला लागले. हजेरी कमी, चौकशी जास्त. "वहिनी, गुडघा कसा आहे? जपा हो." "अरे, तुझी परीक्षा ना?" एका आजोबांना तर त्यांनी रक्तदाबाची आठवण करून देऊन जिन्यावरूनच परत पाठवलं. व्यायामाच्या वर्गाच्या दारात बसून लोकांना व्यायामापासून वाचवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

तातडीची बैठक झाली. अण्णांनी ठराव मांडला: माणशी हिशेब बंद, वर्गाला ठोक १२०० रुपये, वर्षाचा करार. मॅडम एका दमात "चालेल काका" म्हणाल्या. अण्णांचा चेहरा तिथेच पडला. घासाघीस न होता ठरलेला दर त्यांना पचत नाही. कुठेतरी आपणच फसलो, अशी शंका रात्रभर छळते. शंका खरी होती. गणपती आले, नवरात्र आलं, दिवाळीचा फराळ आला, थंडी पडली. नोव्हेंबरात उरलो आम्ही चौघं. १२०० भागिले चार, ३०० रुपये माणशी! एवढ्यात आमच्याकडे पाहुण्यांसह थालीपीठ होतं.

पुढच्या सोमवारी सातला मागच्या रांगेत पांढरा बनियन दिसला. अण्णा! "२४०," ते माझ्या कानात पुटपुटले. बुधवारी त्यांनी काकूंनाही आणलं. "२००." मॅडमनी गाणं लावलं. अण्णांचे पाय जागचे हलेनात, पण अंगठा आणि तर्जनी मात्र नोटा मोजायच्या ठेक्यात अचूक तालावर चालत होती. दोन आठवड्यांत खांदे सुटले. तिसऱ्या आठवड्यात कंबर हलली आणि काकूंनी पदर तोंडाला लावला.

एका शुक्रवारी वर्ग संपत आला तेव्हा मॅडमनी संगीत बंद केलं आणि सगळ्यांना चटईवर पाठ टेकवायला सांगितली. अण्णा आडवे झाले. घामाने निथळत, हात पसरून, बँकेच्या सुट्टीच्या दिवसासारखे निवांत. शवासनाच्या वजावटीची गोष्ट एव्हाना वॉचमनलाही पाठ होती, मॅडमना कशी नसेल? स्पीकरची वायर गुंडाळत त्या हळूच म्हणाल्या,

"काका, ही पाच मिनिटं वजा करायची ना?"

बराच वेळ काही उत्तर नाही. मग डोळे न उघडताच अण्णा म्हणाले,

"दहा करा."